म्हातारी तापलीय

"हॅलो?… हो, ताई, मीच… नाही गं, कुठली पोचतेय. आवाज येतोय ना नीट? थांब, याला दुसऱ्या कडेवर घेते… हं, बोल आता… वाटेतच आहे. पेट्रोलपंपावर… अगं ऐक ना, आधी ऐकून तर घे. म्हातारीनं बसकण मारलीय… नाही, धडक नाही, काही नाही, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. गाडी सुरू होत नाहीये, एवढंच."

'एवढंच' म्हणताना तिचा आवाज घसरला. ताईच्या कानानं तो टिपला असणार.

म्हातारी म्हणजे बाबांची गाडी. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, जाडजूड पत्र्याची, स्वतःच्या मर्जीनं चालणारी. बाबा गेले, आईला चालवता येईना, ताई दूर दुसऱ्या देशात. म्हणून ती धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली. आज धाकटी पहिल्यांदाच तिला एवढ्या लांब, आईच्या घरी, घेऊन निघाली होती, मागच्या सीटवर आठ महिन्यांचं पोर त्याच्या खुर्चीत बांधून.

"रडत नाहीये मी… धूळ आहे इथं… हो, सावलीत आहे. हवा भरायचं यंत्र आहे ना, त्याच्या शेजारी. पंपावरच्या काकांनी आणि एका ट्रकवाल्या भाऊंनी ढकलून आणून ठेवली. पंपाजवळ फोन वापरू देत नाहीत ते… तुझी टॅक्सी?… म्हणजे आता निघेलच ना ती तिकडून. बॅग भरून झाली?… मग भर की तू, माझ्याशी कशाला बोलत बसलीस… नाही, ठेवू नकोस. ठेवू नकोस गं. कानाला लावून भर."

ताई आली होती आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. डॉक्टरांनी बजावलं होतं, सर्दीखोकल्याचं माणूस डोळ्याच्या आसपास फिरकायला नको. आणि बाळाला नेमकी तेव्हाच सर्दी धरली. इकडे बाळ शिंकतंय, तिकडे ताईला आईला टाकून निघता येईना. "उद्या बघू", "परवा नक्की" असं करता करता ताईची रजा संपून गेली. बाळाचं नाक काल कुठे कोरडं झालं आणि ताईचं विमान आज. मावशीनं भाच्याला आजवर पाहिलेलं ते फोनच्या काचेतून, तेही चित्र मधेच थिजायचं.

"काय झालं म्हणजे… घरून निघाले तेव्हा लोण्यासारखी चालत होती. नंतर हा भुकेनं रडायला लागला, पेट्रोलही भरायचं होतं, म्हणून इथं थांबले. पेट्रोल घेतलं, गाडी बाजूला लावली, आतल्या खोलीत बसून याला पाजलं… हो, बरंच थांबले. ढेकर निघेना त्याची. तू ढेकर कशी काढायची ते माहीत नसलेली बाई, तुला काय सांगू… आणि परत येऊन किल्ली फिरवली तर नुसती खर्रर्र खर्रर्र. फिरतेय, पण पकडत नाही… बॅटरी चांगली आहे, आवाज दमदार आहे… होता. आता जरा मंद झालाय… किती वेळा म्हणजे… बऱ्याच वेळा… अगं मग काय करणार, हात जोडून उभी राहू?"

पलीकडे ताईनं काहीतरी खडसावून सांगितलं. धाकटीनं निमूटपणे दार उघडलं आणि किल्ली काढून पदर खोचावा तशी कुर्त्याच्या खिशात खोचली.

"काढली किल्ली. आता हात लावत नाही… वास? पेट्रोलचा वास येतोय का? ताई, मी पेट्रोलपंपावर उभी आहे. इथं माणसांनाही पेट्रोलचा वास येतोय… हसू नकोस… अगं तूच विचारलंस… मग दुसरं काहीतरी विचार ना… धूर? थांब. काका… काका, अहो मघाशी मी किल्ली फिरवत होते तेव्हा मागून धूर आला होता का हो?… काळा? नक्की काळा?… ताई, काळा म्हणतायत. एकदा गाडी खोकली ना, तेव्हा भसकन आला म्हणे… ट्रकवाले भाऊही मान डोलवतायत. इथं सगळे इंजिनियर आहेत, तू काळजी करू नकोस… म्हणजे काय? जास्त पेट्रोल गेलंय आत?… पण मी तर नेहमीसारखीच सुरू केली… नेहमीसारखी म्हणजे नेहमीसारखी. चोक बाहेर ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनतीनदा दाबायचा, आणि मग किल्ली… हो, चोक ओढला… आत्ता, हो… ताई? आहेस ना?… काय झालं, बोल ना."

ताई हसत होती की कपाळावर हात मारून घेत होती, हे तिला कळेना. बाळानं तेवढ्यात फोनच्या कडेला आपल्या दोन नव्या दातांनी चावा घेतला.

"सोड रे, मावशी आहे आत… अगं तो फोन खातोय… हं, सांग आता, काय चुकलं?… गरम गाडीला चोक नसतो ओढायचा? कधीच नाही?… पण मला कुणी… अगं रोज सकाळी मी तशीच सुरू करते. बॅटरी उतरू नये म्हणून. दारातच. जरा चालू ठेवते आणि बंद करते… हो, थंडच असते ना तेव्हा… मला बाबांनी तेवढंच शिकवलंय. आठवतं ना, कॉलेजला असताना रोज मला खाली पिटाळायचे. 'जा, म्हातारीला उठवून ये.' ते दाढी करेपर्यंत मी तिला उठवून, गुरगुरती करून ठेवायची. मग ते यायचे, आणि तू शेजारी बसून जायचीस त्यांच्याबरोबर… हो, बांधकामाच्या साइटवर. दिवसभर."

गाडीवर टेकून ती बोलत राहिली. खरं तर ती काही तक्रार नव्हती. पण ही गोष्ट तिच्या तोंडून आजवर कधी निघालीच नव्हती, आणि निघाल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं. बाबांच्या गाडीची सकाळ तिला ठाऊक होती आणि दुपार ताईला. उन्हात तापलेली गाडी, चढावर थांबलेली गाडी, रस्त्याकडेला बॉनेट उघडून सावलीत बसलेले बाबा, हे सगळं ताईचं. तिच्या वाट्याला थंड स्टिअरिंग आणि चोकची गार मूठ.

"नाही, रागावले नाही गं… खरंच नाही… तुला माहीत नव्हतं? काय माहीत नव्हतं?… तुला काय वाटायचं, गाडी आपोआप सुरू व्हायची सकाळी?… अगं ए, मी करायची ती… म्हणजे हिवाळ्यात चोक किती ओढायचा ते तुला येतच नाही?… अर्ध्यापेक्षा जरासा जास्त, आणि आवाज चढला की हळूहळू आत सारायचा. एकदम आत ढकललास की मरते… बघ, मलाही काहीतरी येतं… हो. हो गं. वाटून दिलं त्यांनी. आपल्याला कळलंच नाही.

"बरं, पुढे सांग… चोक पूर्ण आत. केला… बॉनेट? उघडते. थांब, याला… काका, जरा धरता का याला? एक मिनिट… नाही नको, राहू दे. हात धुतले नसतील त्यांनी, ताई, पेट्रोलचे हात… वाईट वाटलं वाटतं त्यांना… काका, तसं नाही हो, तो अनोळखी माणसाकडे भोकाड पसरतो… हसतायत, बरं झालं. मी एका हातानं उघडते. बायांना काय, एक हात फक्त शोभेला असतो."

बॉनेट वर गेलं आणि आतून भाजका वारा तिच्या तोंडावर आला. तिनं बाळाचं डोकं आपल्या मानेत लपवलं आणि दोन पावलं मागे सरली.

"बापरे, भट्टी आहे नुसती… हो, लांबच आहे मी, बाळाला घेऊन जवळ जाणार आहे का… रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही, तेवढं कळतं. कॉलेजात शिकलेय मी, वाफ म्हणजे काय ते… काय, नुसती उघडी ठेवायची? किती वेळ?… ताई, पण वेळच नाहीये… हो, तापलेली आहे. हो… इंजिन बंद केलं की थंड व्हायला लागत नाही? आधी आणखी तापतं? हे बरं आहे… म्हणजे मी याला पाजत बसले तेवढ्यात त्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळून आत सांडलं, आणि वर मी चोक ओढून आणखी पाजलं… दोघांनाही जास्तच पाजलं म्हण की मी.

"नाही, हसत नाहीये.

"ताई, टॅक्सीचा हॉर्न होता का तो?"

फोनमधून दूर कुणीतरी दार उघडल्याचा, बॅगेची चाकं फरशीवरून खडखडत गेल्याचा आवाज आला. ती फरशी तिच्या पायाला पाठ होती. दारापाशी एक ढिली होती, तिच्यावरून काही नेलं की टकटक वाजायची. आताही वाजली.

"निघ तू. निघ, आता… आई? आई, तू कशाला घेतलास फोन? खाली वाकू नकोस, बॅगा उचलायला जाऊ नकोस… डोळा कसा आहे?… थेंब घातलेस?… हो, टोपी घातलीय त्याला. कानही झाकलेत. आई, इथं ऊन आहे, तो घामानं भिजलाय… बरं, काढत नाही टोपी… नाही, एकटी नाहीये, इथं काका आहेत, भाऊ आहेत… तुझा जावई? तो प्लँटवर आहे कामाला, आत फोन नेऊ देत नाहीत… आई, रडू नकोस ना. डोळ्याला चालत नाही रडलेलं. डॉक्टरांनी सांगितलंय ना… ताईला दे. दे तिला.

"ताई, काय गं, बसलीस टॅक्सीत?… आई दारात उभी आहे? हात हलवतेय?… हलव तूही. माझ्या वाटणीचाही हलव."

टॅक्सी वळल्याचं तिला ऐकू आलं. आईच्या दारातून उजवीकडे, मग पिठाच्या गिरणीवरून खाली. इथून तिला ते वळण डोळे मिटून दिसत होतं.

"…काय म्हणालीस?… परत फिरू? घरी जाऊ?… नाही… ताई, नाही म्हणतेय ना… पुढच्या वेळी काय पुढच्या वेळी. पुढच्या वेळी तू येशील तेव्हा तो पळत असेल. तुझ्यापासून लांब पळेल, 'ही कोण' म्हणून. मला त्याला तुझ्या कडेवर द्यायचाय गं, हा असा, हातात मावतो तेवढा असताना. त्याचं हे ओझं… तुला कळू दे तरी, तुझा हात दुखू दे जरा… मी इतके दिवस नाक पुसत बसले त्याचं, रोज सकाळी उठून पहिल्यांदा नाकात बघायची, आज कोरडं असेल तर जाता येईल… फोनवर नाही ना सांगता येत हे असं. त्याच्या मानेमागे एक वास येतो, तो तुला पाठवू कसा?… नाही, तू इकडे यायचं नाहीस. पंप उलट्या बाजूला आहे, केवढा वळसा पडेल, विमान चुकेल तुझं. मीच येते. टाकीपाशी. विमानतळाचा रस्ता फुटतो ना, ती पाण्याची मोठी टाकी, तिथं. तुझी टॅक्सी तिथूनच जाईल ना? विचार त्यांना… विचार ना… किती वेळ थांबतील?… अगं हात जोड, गोड बोल, तू कधी कुणाशी गोड बोलत नाहीस. सांग बहीण आहे, तान्हं मूल आहे… काय म्हणाले?… देव भलं करो त्यांचं.

"आता गाडीचं सांग. लवकर सांग."

टॅक्सीत बसलेली ताई आणि पंपावर उभी असलेली धाकटी यांच्यामध्ये आता फक्त एक तापलेलं इंजिन होतं. वाट बघण्याखेरीज त्याला दुसरं औषध नव्हतं, आणि वाट बघायलाच दोघींना वेळ नव्हता.

"ओलं फडकं? आहे ना, याचे लंगोट आहेत ढीगभर… कुठे ठेवू?… पेट्रोलपंपावर? ताई, इथल्या पंपावर का गाडीतल्या?… हं, गाडीतला. बारकासा. नळ्या येतात ना, त्याच्यावर… आणि नळीवरही. कार्ब्युरेटरवर नको?… बरं. भाऊ, तुम्ही ठेवता का हे? मला बाळाला घेऊन वाकता येत नाही… तिथं नाही, तिथं. हो… ताई, फडक्यातून वाफ निघतेय… नळीत वाफ अडकली असेल तर बसेल म्हणतेस… बाबा असंच करायचे? कशाचं फडकं?… स्वतःचा रुमाल? मग घाम कशाला पुसायचे?… तुझ्या ओढणीला?… अगं मला कुणी का नाही सांगितलं हे कधी. मला हे सगळं पाहिजे होतं… नाही, नाही, बोल तू. आवडतंय मला. बोलत राहा, तोवर थंड होईल ती."

आणि ताई बोलत राहिली. धाकटी नुसती हुं हुं करत होती, बाळाला थोपटत होती, मधेच एखादा प्रश्न विचारत होती. चढावर गाडी थांबली की बाबा काय म्हणायचे. गाणं म्हणायचे का. रागावायचे का. ट्रकवाले भाऊ बॉनेटखाली डोकं घालून हळूच बोटानं नळी चाचपत होते. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं. इतके दिवस दोघी बहिणी फोनवर आईचे थेंब, बाळाचं औषध, विमानाचं तिकीट एवढंच बोलल्या होत्या.

"…हं… हं… मग?… खरंच?… मला वाटायचं तुम्ही दोघं मजा करून येता. उन्हात बसून राहायचात तुम्ही, होय… भाऊ म्हणतायत निवली जरा. हात लावता येतोय नळीला… करू?… भीती वाटतेय. बॅटरीत आता फार दम नाही… हो, एकदाच. सावकाश सांग, जसं बाबा सांगायचे तसं सांग.

"थांब, याला मागे बांधते. उठवायचं नाहीये… बांधला. पट्टा तपासला. परत तपासते… हो, झालं… बसले. चोक आत आहे. भाऊ, धक्का नको, ताई म्हणते आत्ताच नको… ॲक्सिलरेटर सावकाश दाबायचा. पार तळापर्यंत. दाबला… तिथंच धरायचा. सोडायचा नाही, पुन्हा पुन्हा दाबायचा नाही… मोह होतोय गं. पायाला सवय झालीय… नाही हलवत. धरलाय… म्हणजे आत हवा जाऊन ते जादाचं पेट्रोल निघून जाईल… किल्ली. फिरवते. ताई, तू काही बोलू नकोस आता."

खर्रर्र. खर्रर्र. आवाज जड होता, खेचत खेचत येत होता, जिना चढणाऱ्या माणसासारखा. तिचा पाय तळाला चिकटून होता. पंपावरचे काका नोझल हातात धरून तसेच उभे राहिले. खर्रर्र. एक खोकला. मग काहीच नाही, मग दुसरा खोकला, मागून काळ्या धुराचा भपका, आणि मग म्हातारी सगळ्या अंगानिशी हादरून एकदम गरजली.

"…ऐकलंस?

"ऐकलंस ना? थांब, फोन बाहेर धरते… आता?… हो, सोडतेय पाय, हळूहळू… चाललीय. गुरगुरतेय. भाऊ, बॉनेट लावा ना… फडकं, फडकं काढा आधी… काका, फार उपकार झाले… ताई, बोल ना काहीतरी… रडतेस काय. टॅक्सीवाले काय म्हणतील… मी कुठे रडतेय, मी गाडी चालवणार आहे आता… जागा झाला. नाही, रडत नाहीये, बघतोय नुसता. मोठ्ठे डोळे करून.

"कुठे आलात तुम्ही?… पूल गेला?… मग मी आधीसुद्धा पोचेन कदाचित. डाव्या बाजूला उभी राहा, टाकीच्या अलीकडे. मला उजवीकडे वळून घ्यायची भीती वाटते अजून… नाही, बंद नाही करणार. चालूच ठेवते. तशीच उभी राहीन शेजारी, तू मागचं दार उघड आणि घे त्याला. पट्ट्याचं लाल बटण आहे, जोरात दाबावं लागतं… ओरडून बोलावं लागेल आपल्याला, तिच्या आवाजात… चालेल. ओरडू.

"ठेव आता… नाही, तू ठेव… तू आधी… ताई, ऐक ना. मला गाडी चालवायला दोन्ही हात लागतात गं.

"मी ठेवते."

आणि तिनं ठेवला.